मेणाने बुजवलेली सनई

ओल्या ताडपत्तीचा वास मला आजही डोळे मिटून ओळखता येतो. पितळी वाटीतल्या पाण्यात भिजत पडलेली ताडाची पट्टी, दोऱ्याला चोळलेले मधाच्या पोळ्याचे मेण आणि वाटीच्या काठाला राहून गेलेला विड्याचा कात. लग्नसराईत या तीन वासांनी आमच्या घरी उजाडत असे. वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो, अंगणातल्या शहाबादी फरशीवर मांडी घालून बसत आणि पातळ पात्याने त्या पट्टीतून वाजवायच्या दोन पत्त्या कापत. एक स्वतःच्या सनईसाठी, दुसरी त्यांच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे काकांच्या सुरासाठी. दोन्ही पत्त्या एकाच पानाच्या असाव्यात असा घराचा नेम होता.

"येगळ्या पानाच्या पत्त्या भांडत्यात," अप्पा म्हणत. "एका पानाच्या असल्या की भावावाणी वागत्यात."

"भाऊ भांडत न्हाईत व्हय?" आई आतून विचारी.

"भांडत्यात. पर घरात. मांडवात न्हाई."

काकांचे वाद्य म्हणजे सूर. ज्यांनी ते जवळून पाहिलेले नाही त्यांना ती सनईच वाटेल. तेच लाकूड, तेच पितळी तोंड, तशीच पत्ती. फरक एवढाच की बोटांची भोके मेणाने बुजवलेली असतात. त्यातून एकच स्वर निघतो, आणि सनई वाजत राहील तितका वेळ तो मागे धरून ठेवावा लागतो. सनईवाला थांबतो, पाणी पितो, तान घेऊन पुन्हा उतरतो. सूर धरणाऱ्याला तसे थांबता येत नाही. तो सनईच्या आधी उठतो आणि सनईच्या नंतर बसतो. काकांचे गाल म्हणजे त्यांचे दुसरे फुप्फुस होते. गालातली हवा ओठांतून सोडता सोडता ते नाकाने नवी घेत, आणि त्या स्वराला कुठे सांधा म्हणून दिसत नसे. पुढे मी उदगीरला मराठी घेऊन शिकले, कविता लिहू लागले, औरादच्या शाळेत वृत्ते शिकवू लागले. प्रत्येक ओळीला यती असतो, श्वास घेण्याची जागा असते, असे मुलांना सांगताना मला दर वेळी काका आठवत. त्यांच्या ओळीला यती नव्हता.

लहानपणी मी त्यांना विचारले होते, "काका, तुमच्या सनईची भोकं कामून बुजवलीत?"

"एकच बोलायचं हाय, माय," ते म्हणाले. "बाकीची उघडी ठिवून काय करू?"

मांडवात त्यांच्याकडे कोणी पाहत नसे. पाहत ती फक्त वरातीतली पोरे, आणि तीही खोडी काढायला. समोर उकिडवी बसून चिंच चोखायची, म्हणजे वाजवणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते आणि स्वर फुटतो, हा आमच्याकडचा जुना खेळ. काका डोळे मिटून घेत. गालांचे फुगे तसेच राहत, कपाळावरची शीर टरारून वर येई, आणि पोरे कंटाळून हुग्गीच्या, गव्हाच्या गुळातल्या खिरीच्या पंगतीकडे पळत. घरी असलेल्या जुन्या लग्नफोटोंत अप्पा मध्ये दिसतात, आमचा आतेभाऊ संबळ घेऊन त्यांच्या बाजूला दिसतो, आणि काका कडेला अर्धे कापले गेलेले असतात. एक खांदा, एक फुगलेला गाल.

काकू तरुणपणीच गेली होती. मूलबाळ नव्हते. काका आमच्यातच राहत, आमच्याबरोबर जेवत, आणि लग्नसराई नसेल तेव्हा तुरीच्या शेतात कामाला जात. पण विचारणाऱ्याला ते शेतात राबतो असे कधी सांगत नसत. "सूर धरतो" म्हणत. त्यांच्याकडे स्वतःचे म्हणावे असे तेवढेच होते, आणि ते मी त्यांच्या हातातून काढून घेतले. ही हकिगत त्याची आहे.

इंटरनेट आमच्या मांडवात शिरले ते आवाज न करता. कॅसेटी आल्या तेव्हा अप्पा भ्यायले नव्हते, कारण कॅसेट कोणाला तरी विकत आणावी लागे आणि मध्येच उठून तिची बाजू पालटावी लागे. मोबाइलवरच्या सनईला बाजूच नव्हती. तीन तास अखंड मंगल सनई, फुकट, एका बोटावर. मांडव घालणाराच स्पीकर आणू लागला आणि स्पीकरबरोबर सनई येऊ लागली. एका वैशाखात आम्ही सगळे पाहुण्यांकडून जीपने परतत होतो. रस्त्यालगतच्या एका गावात लग्न लागत होते. काकांनी एकदम हात वर केला.

"थांब, थांब. गाडी थांबव."

आम्ही ऐकले. स्पीकरवरची सनई. अशा सनया आता सगळीकडेच वाजत होत्या.

"काय झालं?" अप्पांनी विचारले.

"अण्णा, ह्ये आपून हाव," काका थोरल्या भावाला म्हणाले.

"कशावरनं?"

"ह्यो मी हाय," काका म्हणाले. "खाली ऐक. खाली."

कोणीतरी, कोणत्यातरी लग्नात, मोबाइलवर भरून घेतलेले आणि नाव न लावता नेटवर चढवलेले ते अप्पांचेच वाजवणे होते. अप्पांना स्वतःची सनई ओळखू आली नव्हती. स्पीकरने तिचा गळा पातळ केला होता. काकांना मात्र स्वतःचा तो एकच स्वर कळला. जिथे आम्हांलाच नव्हे तर ब्रह्मदेवालाही सांधा दिसला नसता तिथे त्यांना आपले नाक श्वास घेताना ऐकू आले.

संबळवाला आतेभाऊ पुढच्या सीटवरून म्हणाला, "मामा, उतरून जेवून जाऊ की. वाजवायलाव न्हवं आपून?"

सगळे हसले. काकाही हसले. अप्पा गाव मागे पडेपर्यंत मान वळवून मागे बघत होते.

मग बोलावणी विरळ झाली, आणि नंतर ती वेगळ्याच दारातून परत आली. बिदरला लग्नाचे कार्यक्रम लावून देणारा एक माणूस होता, त्याचे स्वतःचे मंगल कार्यालयही होते. त्याने अप्पांना बोलावून घेतले. शहरातल्या लोकांनी नेटवर कुठेतरी पाहिले होते की स्टेजवर फेटा बांधलेला सनईवाला बसवला की व्हिडिओ देखणा होतो. त्या दिवशी मीही बरोबर होते.

"चाचा, लाइव्ह सनई होना बोल रहे लोगां," तो म्हणाला. "लेकिन फ्रेम में दोनीच आदमी आते. एक सनई, एक संबळ. ये तिसरे चाचा क्या करते?"

"ह्ये?" आतेभाऊ म्हणाला. "ह्ये श्वास घेत न्हाईत. त्योच यांचा धंदा."

"वो तो मोबाइल भी करता," तो माणूस म्हणाला. तो वाईट नव्हता. थट्टाही करत नव्हता. त्याला जे दिसत होते तेच बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पत्त्या कापता कापता, अप्पांनी मान वर न करता मला विचारले, "पोरी, त्ये मोबाइलातला सूर खरंच असतो का गं?"

मी शिकलेली. घरात मोबाइलचे काही अडले की माझ्याकडे येई आणि मला ते आवडे. दोन मिनिटांचेही काम नव्हते. ॲप उतरवले, सनईला जुळती पट्टी शोधली, काळी दोन, आणि बटण दाबले. अंगणभर एक स्वर पसरला. स्वच्छ, गुळगुळीत, स्टीलच्या नव्या ताटासारखा. कोंबड्या क्षणभर थबकल्या. काका विहिरीवरून येत होते. ओल्या पायांनी ते जवळ आले, वाकले, आणि माझ्या तळहातावरच्या मोबाइलला कान लावून बराच वेळ ऐकत राहिले. त्यांच्या केसांतून माझ्या मनगटावर पाणी ठिबकत होते.

"ह्यो श्वास कुठं घेतो?"

"घेतच नाही, काका."

"म्हंजी थकतबी न्हाई."

"बॅटरी संपेपर्यंत नाही," मी म्हणाले आणि हसले.

ते हसणे मला नंतर फार दिवस ऐकू येत राहिले.

काकांनी तक्रार केली नाही. "बरं हाय," म्हणाले, "म्हातारपणी गालाला आराम." आपला सूर त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवला. अप्पा पत्त्या कापायला बसले तेव्हा सवयीने दोन कापल्या आणि दुसरी हातात धरून इकडे तिकडे पाहू लागले. मग ती वाटीच्या पाण्यातच टाकली. पुढे आठवडाभर ती पाण्यात राहून काळी पडली, तिला कुजका वास यायला लागला, तेव्हा आईने ती फेकली.

बिदरच्या त्या माणसाने काकांना आपल्या कार्यालयाच्या फाटकावर राखणीला ठेवले. खाकी सदरा, टोपी, शिट्टी. गाड्या मागे घ्यायला लावताना ते शिट्टी वाजवत तेव्हा गाल फुगत नसत. शिट्टीला तेवढी हवा लागत नाही.

पहिले काही कार्यक्रम बरे झाले. अर्ध्या तासाचे असत. वधू येते, सनई वाजते, फुले पडतात, कॅमेरा फिरतो, संपले. मग माघात त्याच कार्यालयात एक मोठे लग्न आले. सकाळच्या हळदीपासून दुपारच्या अक्षतांपर्यंत सनई हवी होती. मी मोबाइल सांभाळायला गेले होते. स्टेजच्या कडेला, कापडी फुलांच्या कमानीमागे बसून मी बॅटरीकडे लक्ष ठेवत होते. बाहेर ऊन तापत होते, आतमध्ये दिव्यांचे ऊन वेगळे. अत्तर, घाम, तळणीचे तेल आणि प्लॅस्टिकच्या फुलांचा रबरी दर्प यांचा एक जाड थर हवेवर बसला होता.

तासाभराने मला काहीतरी खुपू लागले. आधी कळले नाही की ते कानाला खुपते आहे. दोन स्वर अगदी शेजारी येऊनही एक होत नाहीत तेव्हा त्यांच्या मधल्या फटीत हवा थरथरू लागते, आणि ती थरथर दातांना लागते, भाकरीत वाळू यावी तशी. मी मोबाइल पाहिला. काळी दोन. सकाळी लावला होता तिथेच होता. खाली घसरत होती ती सनई. केसाच्या जाडीएवढी, मग दोरीच्या जाडीएवढी. अप्पांचे डोळे मिटलेले होते आणि ते तल्लीन होऊन बेसूर वाजवत होते.

आतेभावाच्या लक्षात आले. त्याने संबळ जोराने बडवायला सुरुवात केली. पण संबळ थरथर झाकू शकतो, स्वर झाकू शकत नाही. पुढच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले. एका तरुणाने मोबाइल उंच धरला, मग दुसऱ्याने. मी दाराकडे पाहिले. दारात काका उभे होते, हातात टोपी. फाटक सोडून आत आले होते. त्यांचे दोन्ही गाल फुगलेले होते. तोंडात काही नव्हते, ओठ घट्ट मिटलेले होते, आणि ते गाल हळूहळू खाली बसत, पुन्हा भरत होते.

संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत आमच्या गावात पोचली. अप्पांचा चेहरा जवळून घेतलेला, मिटलेले डोळे, पुढच्या दोन दातांची मोकळी जागा. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग. कोणीतरी लिहिले होते, कुत्रं का रडतंय. कोणीतरी मध्येच रेड्याच्या ओरडण्याचा आवाज जोडून नवी चित्रफीत केली आणि ती पहिलीपेक्षा अधिक फिरली. कानडी, उर्दू, मराठी, तिन्ही भाषांत हसणे सारखेच लिहितात.

अप्पांनी ती मोबाइल कानाला लावून ऐकली. चित्र पाहिलेच नाही. तीनदा ऐकली. काका त्या दिवशी सुट्टी घेऊन आले होते. दोघे ओट्यावर बसले होते, मी उंबऱ्यात होते.

"मी उतरायलोय," अप्पा म्हणाले.

काकांनी मान डोलावली.

"कधीपासनं?"

"दात पडल्यापासनं."

दात पडून बरीच वर्षे झाली होती. मी मनात मोजू लागले आणि थांबले.

"सांगितलं कामून न्हाईस?"

"सांगून काय करायचं, अण्णा?" काका म्हणाले. "मी होतो की."

तेव्हा मला कळले. दात गेल्यावर अप्पांच्या ओठांना पत्तीवरची पकड राहिली नव्हती. तास-दीड तास गेला की त्यांचा स्वर खाली येई, आणि खाली बसलेला हा माणूस, फोटोत अर्धा कापला गेलेला, ओठ सैल करून आपला स्वर त्याच्याबरोबर खाली नेई. इतक्या हळू की मांडवातल्या कोणालाही उतरण जाणवू नये. दोघे मिळून खाली येत, आणि दोघे मिळून खाली आलेल्यांना बेसूर म्हणता येत नाही. इतकी वर्षे अप्पांची लाज काकांनी आपल्या ओठांत धरून ठेवली होती आणि अप्पांनाही ती दिसू दिली नव्हती. मी त्यांच्या जागी जे आणून ठेवले होते ते अचूक होते.

अप्पा उठले, आत गेले आणि दिवा न लावता खाटेवर पडून राहिले.

त्यानंतर कोणी बोलावले नाही. कोणी फोन केला तर आधी विचारत, "त्या व्हिडिओतले का तुम्ही?" ज्याने ती चित्रफीत प्रथम टाकली होती त्याला मी शोधून काढले. चांगल्या घरचा होता, शरमला, लगेच काढून टाकली. पण तोवर ती दुसऱ्यांच्या मोबाइलात जाऊन राहिली होती. मी एकेका प्रतीवर तक्रार नोंदवत गेले. उत्तर येई की आमच्या नियमांचा भंग झालेला आढळला नाही. नियमांचे बरोबरच होते. एक म्हातारा बेसूर वाजवत होता आणि लोक हसत होते, यात खोटे काय होते?

ॲपमध्ये सूर बारीक बारीक खाली-वर करण्याची एक पट्टी असते. मी ठरवले की आपणच शिकायचे. रविवारी सकाळी अप्पांना बसवायचे, ते वाजवत असताना कान लावायचा आणि बोटाने ती पट्टी सरकवत त्यांच्याबरोबर खाली यायचे. महिनाभर हा खटाटोप केला. मला वृत्तातली एक मात्रा चुकलेली कळते, मला वाटले हेही जमेल. स्वर घसरला की मी सरकवी, थरथर थांबे, स्वर पुन्हा घसरे, पुन्हा मी सरकवी. एका रविवारी अप्पांनी सनई खाली ठेवली.

"तू मागनं यायलीस, पोरी," ते म्हणाले. रागाने नाही. "त्यो संगं यायचा."

मी पट्टीवरून बोट काढले.

काकांना परत आणायचे हे मी त्याच दिवशी ठरवले. पण बोलावणेच नसेल तर आणायचे कशासाठी? वैशाखात ते बोलावणे आले. जनवाड्याच्या एका शेतकऱ्याच्या मुलीचे लग्न होते. तो स्वतः घरी आला, ओट्यावर बसला, चहा बशीत ओतून प्यायला.

"माझ्या लग्नात तुमीच वाजवलाव," तो अप्पांना म्हणाला. "पोरीच्या लग्नात मोबाइल वाजवू व्हय?"

"तुमी त्ये बघितलं न्हाई का?" अप्पांनी विचारले.

"बघितलं की. माझ्या मेव्हण्यानंच दावलं. त्येच्या लग्नात डीजे होता, आन् तीन महिन्यांत बायको म्हायेरी जाऊन बसली. त्येचं काय ऐकायलाव?"

कित्येक महिन्यांनी आमच्या ओट्यावर कोणी मोठ्याने हसले.

मी बिदरला गेले. काका फाटकाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. वर्ष-सव्वा वर्षात त्यांचा चेहरा बदलला होता. गाल आत गेले होते, आणि गालांखाली रिकाम्या पिशवीसारखी कातडी लोंबत होती. मी सगळे सांगितले. माझ्या मनात काय आहे तेही सांगितले. या लग्नात दोघे वाजवतील, मी ते नीट भरून घेईन, आणि नेटवर टाकीन. ज्यांनी ती पहिली चित्रफीत पाहिली त्यांनी ही पाहावी. अप्पांना पुन्हा मांडव मिळावा आणि काकांना त्यांची जागा.

"जमंल का काका? मधे बरेच दिवस गेले."

"चालायचं इसरतं व्हय कोण?" ते म्हणाले. मग मला म्हणाले, "तू आल्ती म्हणून अण्णाला सांगू नको. मीच आलो म्हणावं."

लग्नाच्या आदल्या सकाळी अंगणात पुन्हा वाटी आली. अप्पांनी एका पानाच्या दोन पत्त्या कापल्या. काकांनी फडके सोडले, भोकांतले मेण वाळून तडकले होते ते काढून नवे भरले. दहा मिनिटे दोघांनी वाजवले. मी बोट ठेवायला जागा शोधत होते आणि ती सापडत नव्हती, इतके ते एक होते. मी म्हणाले, अजून थोडे वाजवा. आतेभाऊही म्हणाला, "मामा, तासभर तरी बसा की." पण आमच्या घरात सूर धरणाऱ्याची तालीम घेत नाहीत. त्याची परीक्षा घेणे म्हणजे अपमान. अप्पांनी सनई पुसली आणि आत ठेवली. तो नेम त्या दिवशी तरी मोडायला हवा होता. कोणीच मोडला नाही.

जनवाड्याचा मांडव शेताला लागून होता. कापलेल्या तुरीच्या खुंटांचा कोरडा वास, चुलाणावर रटरटणाऱ्या हुग्गीतला गूळ, नव्या साड्यांची खळ. काका आधी उठले, म्हणजे त्यांचा स्वर आधी उठला. त्यावर अप्पांनी सनई ठेवली. मी समोर उभी राहून मोबाइलच्या चौकटीत दोघांना बसवत होते. या वेळी काका पूर्ण आले पाहिजेत, खांद्यासकट, दोन्ही गालांसकट. माणसे बोलायची थांबली नाहीत, आणि ती थांबली नाहीत म्हणूनच मला रडू आले. चांगल्या सनईखाली लोक निवांत बोलतात.

पहिला तास तसाच गेला. अप्पा उतरू लागले तसे काका उतरत गेले. आता मला ते कळत होते, आणि कळूनही दिसत नव्हते. मग मुलीला मामा मांडवात घेऊन आला, लोक अक्षता घेऊन उभे राहिले, आणि स्वरात एक सुरकुती पडली.

मला वाटले वारा असेल. मी चौकटीत पाहिले. काकांचा डावा गाल थरथरत होता. तो भरत होता आणि ठरत नव्हता. त्यांनी डोळे उघडले. स्वर तुटला, फुसकन हवा आणि थुंकी बाहेर आली. त्यांनी लगेच पुन्हा धरला. चार श्वासांपुरता टिकला आणि पुन्हा तुटला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळून खाकी सदऱ्यावर पडली. बिदरहून घाईत निघताना ते तेवढाच एक सदरा घालून आले होते. समोरच्या पोरांतले कोणीतरी हसले. माझ्या डाव्या हाताला एक मोबाइल वर झाला, मग उजव्या हाताला.

अप्पा थांबले नव्हते. अक्षता पडायच्या होत्या, मंगलाष्टके सुरू झाली होती, अशा वेळी सनई थांबत नाही. डोळे मिटून ते वाजवत राहिले, आणि त्यांच्याखाली काहीच नव्हते. कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावरून आंधळा माणूस चालत जावा तशी ती सनई एकटी जाऊ लागली. एक स्वर इकडे, एक तिकडे. आतेभाऊ संबळ वाजवता वाजवता माझ्याकडे बघत होता. मी काकांकडे बघत होते. माझ्या हातातला मोबाइल अजून भरून घेत होता.

काकांनी तिसऱ्यांदा सूर ओठांना लावला. गाल भरलेच नाहीत. त्यांनी तो खाली घेतला, मांडीवर आडवा ठेवला, तळहाताने तोंड पुसले. क्षणभर भावाकडे पाहिले. मग मान वर करून सरळ माझ्याकडे, माझ्या हातातल्या मोबाइलकडे पाहिले, आणि मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले,

"लाव."